सेनापतींची जीभ

युहेईची चव जानेवारीत गेली. सर्दीबरोबर गेली आणि सर्दी बरी झाल्यावर परत आली नाही. रुसून माहेरी गेलेली बायकोसुद्धा चार दिवसांनी काहीतरी निरोप धाडते. हिने तेवढंही केलं नाही.

ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. सांगणार तरी कशी? किताकाता गावात माणसं सकाळी उठून दात घासतात आणि रामेन खायला बाहेर पडतात. काही जण हा क्रम उलटाही ठेवतात. त्यातली निवडक मंडळी सात वाजता युहेईच्या दारावरचा लाल पडदा डोक्याने बाजूला सारून आत येत. रामेनवाल्याला गिऱ्हाइकं ‘तायशो’ म्हणतात, म्हणजे सेनापती. बाकीच्या दुकानांत ते नुसतं म्हणण्यापुरतं असतं. युहेईने मात्र ते मनावर घेतलं होतं. रस्सा चाखण्याआधीच मिरपूड टाकली म्हणून त्याने एका बँक मॅनेजरला भरल्या वाडग्यावरून उठवलं होतं. मापं-बिपं त्याला मंजूर नव्हती. ‘मापाने करतात ते औषध,’ असं तो म्हणायचा, ‘रामेन जिभेने करतात.’ आणि आता जीभ तेवढी तोंडात होती. बोलायच्या कामाची राहिली होती, पण युहेई मुळात बोलतच नसे.

ज्या सेनापतीची तलवार गेली त्याने काय करावं? दुकानाला कुलूप लावून नदीकाठी मासे धरत बसावं. युहेईला मासे धरण्याचा मनस्वी कंटाळा होता. गळाला लागलेल्या माशाशी तोंडदेखलं काय बोलायचं हेही त्याला सुचलं नसतं. दुकान गेलं तर आपण कोण, हा प्रश्न त्याला पहाटे डुकराची हाडं उकळत ठेवताना पडायचा. उत्तर वाफेत दिसायचं नाही.

तेव्हा त्याने एक युक्ती काढली. स्वतःला चव लागत नाही ना, मग गिऱ्हाइकाचा वाडगा पाहायचा. नूडल्स कुणीही खातो, पण रस्सा तळापर्यंत पिऊन वाडगा काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवला तर त्याहून मोठी पावती नाही. रिकामा वाडगा खोटं बोलत नाही, असं त्याचा बाप म्हणत असे. बाप दुसऱ्या गावचा होता, हे युहेई विसरला.

फेब्रुवारीत त्याला वाटलं, रस्सा मिळमिळीत होत असावा. त्याने सोया सॉस अर्धी पळी वाढवला. वाडगे रिकामे आले. मार्चमध्ये पुन्हा शंका आली, पुन्हा अर्धी पळी. वाडगे रिकामे. एप्रिलमध्ये चेरी फुलल्या, त्या आनंदात एक पूर्ण पळी गेली. वाडगे चाटूनपुसून रिकामे.

आता हे वाडगे रिकामे करणारी माणसं पाहा. कोपऱ्यात बसायचा कान्नो न्हावी. त्याला डॉक्टरने सांगितलं होतं की रामेन खा, पण रस्सा सोड. त्याने डॉक्टरला सांगितलं की सोडतो, आणि इथे येऊन तळ गाठायचा. त्याच्या शेजारी देवळाचे एकाई महाराज, आणि दाराजवळ शाळेतून निवृत्त झालेल्या इगाराशीबाई. तिघांच्याही जिभा शाबूत होत्या. पण या मुलखात माणसं एकमेकांचं बोलणं ऐकत नाहीत, हवा वाचतात, म्हणजे न बोललेलं चेहऱ्यांवरून ओळखतात. पहिल्या घोटाला कान्नोच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा त्याने महाराजांकडे पाहिलं. महाराज शांतपणे पीत होते. म्हणजे बिघाड आपल्याच जिभेत, असं समजून तो पीत राहिला. महाराज इगाराशीबाईंकडे पाहून पीत होते आणि बाई कान्नोकडे पाहून. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात; ही मंडळी इतकं मीठ खात होती की रात्रभर जागण्यावाचून इलाजच नव्हता. सारखी तहान लागायची.

युहेईची बायको तोकी वाडगे विसळायची आणि काउंटरवरचे पाण्याचे जग भरायची. भरून भरून तिचा हात दुखायला लागला.

“यंदा उन्हाळा लवकर आलाय,” ती फेब्रुवारीत एकदा म्हणाली.

बाहेर गुडघाभर बर्फ होतं. युहेईने मान डोलावली. तोकीने पुढचा जग उचलला. तिलाही हवा वाचता येत होती. शिवाय लग्नानंतरच्या पहिल्या वाडग्यापासून ती स्वतः रामेनला शिवली नव्हती. मागच्या खोलीत भाताचा गोळा आणि लोणचं खाऊन तिचं भागायचं. नवऱ्याच्या रश्शाबद्दल तिचं मत आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि न विचारलेलं मत देणं हे तिच्या माहेरी चारचौघांत दात कोरण्याच्या पंक्तीला बसायचं.

हे असंच चाललं असतं आणि तिघांपैकी एकाच्या श्राद्धाला बाकीचे दोघे जेवले असते. पण मे महिन्यात, शेतांत पाणी सोडलेलं असताना, एका सकाळी लाल पडदा डोक्याने नव्हे तर दोन्ही हातांनी फाडल्यासारखा बाजूला झाला.

“कुणी आहे का? अरे, आहेत की! मग एवढं सामसूम का? कुणी गेलं का?”

दारात साठीची एक बाई उभी होती. पाठीवर प्रवासाची पिशवी, केस जांभळ्या झाकेचे, आणि ब्लाउजवर छातीभर बिबट्याचा मुखडा. असा भडक थाट आणि मोठा आवाज ओसाका शहरातल्या बायकांचाच, हे सांगायला पोलीस लागला नसता.

कान्नो, महाराज आणि इगाराशीबाई तिघांनीही वाडग्यात नाकं घातली.

“महाराज, जरा सरका. पुण्य लागेल,” म्हणत ती महाराज आणि कान्नो यांच्यामधल्या स्टुलावर बसली. “मी मासाए. ओसाकाहून आलेय. आम्ही दोघी निघालो होतो उत्तरेचे रामेन खायला, पण मैत्रिणीचा गुडघा सेंदाईला राहिला आणि गुडघ्याबरोबर मैत्रीणही. म्हटलं, गुडघ्यापायी मी का उपाशी राहू? स्टेशनवरच्या माणसाला विचारलं, चांगलं कुठं मिळतं? तो म्हणाला, सगळीकडेच चांगलं मिळतं. मी म्हटलं, अहो, खरं सांगा. तर तो घामाघूम झाला, आणि बोट दाखवलं इकडे. सेनापती, एक द्या. मांस जरा सढळ हाताने घाला, लांबून आलेय.”

मांस सढळ हाताने घाला, असं युहेईला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. बँक मॅनेजरनेही नव्हतं. त्याने तोंड उघडलं, पण तिला हाकलण्यासाठी लागणारं वाक्य जुळेपर्यंत तिने एकमेकींना जोडलेल्या दोन चॉपस्टिक सुट्या करून हातात घेतल्या होत्या. त्याने वाडगा भरून पुढे ठेवला. मांसाचा एक तुकडा जास्त पडला, तो त्याच्या हातून कसा पडला हे त्याला कळलं नाही.

मासाएबाईंनी नूडल्सचा असा भुरका मारला की महाराजांची जपमाळ हलली. “झकास! काय जाड नि पीळदार आहेत हो! आमच्याकडे असल्या मिळत नाहीत.” मग त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि रश्शाचा एक घोट घेतला.

त्या थांबल्या. वाडगा खाली ठेवला. पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला. पुन्हा एक छोटा घोट घेतला, पहिल्यांदा काही चुकलं तर नाही ना, अशा बेताने. मग चॉपस्टिकने उरलेल्या नूडल्स, मांस, बांबूचे कोंब, सगळं गाळून खाल्लं आणि वाडगा वरच्या फळीवर ठेवला. आत रस्सा काठोकाठ हिंदकळत होता.

युहेई त्या वाडग्याकडे पाहत राहिला. मांडवापर्यंत आलेलं वऱ्हाड न जेवता परत फिरावं, तसं त्याला झालं. चार महिन्यांत परत आलेला हा पहिला रस्सा. तरी त्याने तिला सुटायची एक वाट ठेवली. किताकाताचा कुणीही माणूस त्या वाटेने पळत सुटला असता.

“पोट भरलं असेल,” तो म्हणाला.

“छे! अजून दोन वाडगे खाईन,” मासाएबाई म्हणाल्या. “खारट आहे हो! समुद्र ओतलाय का आत?”

कान्नोच्या हातातली चॉपस्टिक पडली. इगाराशीबाईंनी, वर्गात कुणी भलताच शब्द उच्चारावा तशी, डोळे मिटून घेतले. महाराज पुटपुटू लागले. मंत्र होता की काय, कळलं नाही.

“आमच्याकडे गडद चव असते,” युहेई म्हणाला. आवाज त्याला स्वतःला परका वाटला. “ओसाकाला काय, पाण्याच्या कानात सोयाचं नाव सांगितलं की झाला रस्सा.”

“ते खरंय,” मासाएबाई मोकळेपणाने म्हणाल्या. “पण हा गडद नाही, खारट आहे. या लोकांना विचारा ना.”

युहेईने तिघांकडे पाहिलं. त्याने आजवर गिऱ्हाइकाकडे असं पाहिलं नव्हतं. नजरेत विनवणी होती, आणि हवा वाचणाऱ्यांना ती मोठ्या अक्षरांत दिसली.

“आम्हाला बाई असाच लागतो,” इगाराशीबाई म्हणाल्या आणि वाडगा उचलून गटागटा तळापर्यंत प्यायल्या. महाराज प्यायले. कान्नोने आधी काउंटरची कड घट्ट धरली, मग तोही प्यायला. तीन रिकामे वाडगे फळीवर ओळीने आले.

“अहो, याला दरदरून घाम फुटलाय बघा!” मासाएबाई कान्नोकडे वळल्या. “प्रेशर किती असतं तुमचं?”

“ती माझी घरगुती बाब आहे,” कान्नो म्हणाला आणि जग तोंडाला लावला.

मासाएबाईंनी चौघांची तोंडं पाहिली. आपण कुठंतरी पाय दिला हे त्यांना कळलं, कुठं ते कळलं नाही. “बरं बाबा, चुकलं. माझ्या जिभेला हाड नाही, आमचे हेही मरेपर्यंत हेच म्हणत होते. सोडा. घ्या, गोळी घ्या,” म्हणत त्यांनी पिशवीत हात घातला. ओसाकाच्या बाईच्या पिशवीत पाकीट नसेल, पण गोळ्या असतात. भांडण झालं, ओळख झाली, शेजारी कुणी खोकलं, की गोळी. “घ्या हो सेनापती, रागावू नका. त्या वाडगे धुणाऱ्या ताईंनाही द्या.”

दिलेली वस्तू नाकारणं शक्यच नव्हतं. पाच जणांनी पाच गोळ्या तोंडात टाकल्या.

गोळी आंबट होती. मासाएबाईंच्या जावेने वाळवलेल्या उमेचा, म्हणजे आंबट जपानी आलुबुखाराचा, गर आटवून घाटातल्या बसमध्ये मळमळू नये म्हणून केलेली. मेलेला माणूस उठून बसेल, असा तिचा लौकिक होता. महाराजांचा एक डोळा मिटला तो उघडेना. इगाराशीबाईंच्या चेहऱ्याची रुमालासारखी घडी झाली. कान्नोने काउंटरवर दोन बुक्के मारले. तोकीचे खांदे कानांना भिडले.

युहेईने गोळी या गालातून त्या गालात शांतपणे फिरवली आणि पाहुणीपुढे अदबीने मान झुकवली.

“वा,” तो म्हणाला. “छान गोड आहे.”

नळ वाहत होता. तोकीने तो बंद केला.

“अहो,” ती म्हणाली, “कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“गोड कधीपासून लागतंय?”

युहेईने गोळी तोंडातून काढून तळहातावर घेतली आणि तिच्याकडे पाहिलं, जणू तिने चुगली केली होती. “गोड लागत नाही,” तो म्हणाला. “काहीच लागत नाही. त्या सर्दीपासून.”

एवढं बोलून तो काउंटरच्या फटीतून बाहेर आला, दाराशी गेला, आणि लाल पडद्याची काठी खुंट्यांवरून उचलू लागला. पडदा उतरला की दुकान बंद, हे त्या गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. आणि आज उतरलेला पडदा उद्या वर जाणार नव्हता, हे युहेईच्या पाठीकडे पाहून आतल्या सगळ्यांना कळलं.

मग हवेचं वाचन संपलं आणि तोंडं सुटली.

“चूक माझी,” इगाराशीबाई उठून कमरेत वाकल्या. “मी आधी बोलायला हवं होतं.”

“नाही, नाही, माझीच,” महाराज त्यांच्याहून खाली वाकले. “मी तर मार्चपासून तपश्चर्या म्हणून पीत होतो. मला वाटलं, बाईंना आवडतंय.”

“मला? मला वाटलं कान्नोंना आवडतंय!”

“मला आवडतंय?” कान्नो ओरडला. “घरी जाऊन मी रोज म्हशीसारखं पाणी पितो! मी आपला महाराजांकडे बघून...” आणि तोही वाकला. तिघांची डोकी एकमेकांवर आपटली.

युहेई काठी खांद्यावर घेऊन दारात उभा होता. खारटपणा एकवेळ त्याने गिळला असता, तसंही त्याला काही लागलं नसतं. ही दया गिळवेना.

“चार महिने तुम्ही माझ्याशी खोटं बोललात,” तो म्हणाला.

“बोललो कुठं?” कान्नो दुखावला गेला. “चार महिने आम्ही एक शब्द काढला नाही!”

“तेच ते!”

“झालं का तुमचं?” मासाएबाईंनी फळीवरचा आपला वाडगा खाली घेतला आणि काउंटरवर टक्‌ करून ठेवला. “सेनापती, लढाई सोडून कुठं निघालात? माझं खाणं अर्धं राहिलंय. मी ओसाकाहून आलेय, बंद पडदा बघायला नाही. रस्सा नीट करून द्या, मग लागेल ते बंद करा. दुकान बंद करा, नाहीतर गाव बंद करा.”

युहेईने पडद्याकडे पाहिलं, मग वाडग्याकडे. गिऱ्हाईक समोर उपाशी बसलेलं असताना पडदा काढणारा माणूस त्याला माहीत नव्हता. त्याने काठी एका स्टुलावर बसल्यासारखी टेकवली आणि आत गेला.

त्याने नवा वाडगा घेतला, सोया सॉस हात आखडून घातला, वरून रस्सा ओतला, आणि थोडासा एका बशीत काढून महाराजांपुढे धरला. “खरं सांगायचं.”

महाराजांनी चाखला. खरं सांगायची सवय नसल्यामुळे त्यांना जरा वेळ लागला. “पाणचट आहे,” ते म्हणाले आणि स्वतःच दचकले.

“गरम पाणी,” कान्नो म्हणाला. “दाढीला चालेल.”

“आजाऱ्याला द्यावा तसा आहे,” इगाराशीबाई म्हणाल्या. आता त्यांनाही गोडी लागली होती.

“मला विचाराल तर फक्कड जमलाय,” मासाएबाई म्हणाल्या.

“ओसाकाच्या जिभेला कोण विचारतंय?” तिघे एका सुरात म्हणाले.

“आणि मिठागरात मुरलेल्या तुमच्या लोणच्यांना कोण विचारतंय हो?”

युहेई बशी हातात धरून उभा राहिला. तिघांच्या जिभा त्यानेच चार महिने खपून निकामी केल्या होत्या. चौथी परमुलखातली, आणि ती दुपारच्या गाडीने जाणार होती. पाचवी त्याची स्वतःची. उद्या सकाळी सात वाजता या बशीतलं कुणी सांगणार नसेल, तर स्टुलावर टेकवलेली काठी तिथेच राहणार होती.

मग तो मोरीकडे वळला.

तोकी हात पुसत उभी होती. उभ्या संसारात त्याने तिच्या हाती वाडगे दिले, फडकी दिली, गल्ला दिला, आपल्या आईचं दुखणं दिलं. चाखायची बशी कधी दिली नव्हती. आता त्याने ती दोन्ही हातांनी धरली, आणि गिऱ्हाइकापुढेही तो कधी वाकला नव्हता इतका वाकून पुढे केली.

तोकीने घाई केली नाही. आधी तिने एक घोट पाणी पिऊन तोंडातली आंबट चव घालवली. मग बशी घेतली, ओठांना लावली, आणि छताकडे पाहत उभी राहिली. ती बराच वेळ तशीच उभी होती. त्यातला थोडा वेळ चवीसाठी होता. बाकीचा तिचा स्वतःचा होता, आणि तो तिने पुरेपूर घेतला.

“सोया अर्धी पळी कमी पडलाय,” ती म्हणाली. “अर्धीसुद्धा नको. निम्म्याची निम्मी. आणि ती रश्शातली सुकी मासोळी. उकळीत राहू देता तुम्ही. आधी काढायला हवी, कडवटपणा उतरतो.”

“तो जानेवारीपासून?” युहेईने हळूच विचारलं.

“नाही,” तोकी म्हणाली. “लग्नापासून.”

कान्नोला खोकला आला. युहेईने मासोळीची पुरचुंडी पातेल्यातून उचलली, निम्म्याची निम्मी पळी सोया घातला, आणि बशी पुन्हा पुढे केली. तोकीने चाखलं.

“हां,” ती म्हणाली.

मासाएबाईंनी तो वाडगा उचलला, आणि वाडग्याच्या तळाने त्यांचं अख्खं तोंड झाकलं तरी पीतच राहिल्या. मग वाडगा फळीवर ठेवला, फडक्याने आपल्यापुढचा काउंटर पुसला आणि तृप्त ढेकर दिला. पिशवी पाठीवर टाकून, उरलेल्या गोळ्यांची मूठ महाराजांच्या झोळीत ओतून, “येते हो! भांडू नका!” म्हणत त्या निघून गेल्या.

फळीवर रिकामा वाडगा होता. आत एक थेंब नव्हता. युहेईने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने तोकीकडे पाहिलं.

“पडदा लावून या,” तोकी म्हणाली. “बाहेर दोघं-तिघं उभे आहेत मघापासून. दार उघडं असून आत यायची हिंमत होत नाहीये त्यांची.”

तो गेला, काठी खुंट्यांवर चढवली, पडद्याची चुणी हाताने सरळ केली आणि परत आला.

“आणि आता जरा ऐका,” ती म्हणाली. “नूडल्सबद्दलही मला थोडं बोलायचंय.”

“नूडल्सबद्दल माझंही थोडं...” कान्नोने सुरुवात केली.

युहेईने त्याच्याकडे फक्त पाहिलं. कान्नो पुन्हा वाडग्यात नाक घालून बसला, वाडगा रिकामा होता तरी. मग युहेईने डोक्याला बांधलेला पंचा सोडला, घाम पुसला, आणि बायकोसमोर स्टूल ओढून घेतलं.

“बोल,” तो म्हणाला.